बूटलोडरची किल्ली कोणाकडे?

ऑगस्ट २०२१मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत करायला सुरुवात केली. त्याआधी दोनेक वर्षं राज्याने लाखभर फोन विकत घेऊन त्यांच्या हाती दिले होते. त्या काळात फोन तापू लागले, हँग होऊ लागले. रॅम २ जीबीची, आणि मार्च २०२१मध्ये आलेलं पोषण ट्रॅकर अ‍ॅप त्यावर धड चालेना. ते अ‍ॅप इंग्रजीत होतं ही तक्रार वेगळीच. वॉरंटी संपलेली आणि दुरुस्तीचा खर्च आपल्याच अंगावर येतो, असं सेविका सांगत होत्या. शेवटी राज्यभरातल्या प्रकल्प कार्यालयांत त्यांनी फोन नेऊन ठेवले.

रूटिंग आणि बूटलोडर या विषयाचा आढावा घेताना मला हीच घटना आधी आठवते. हा कॉलेजातल्या मुलांचा छंद आहे असा समज आहे. पण सरकारी पैशाने किंवा रायगड जिल्ह्यातल्या रोहा-धाटावच्या एमआयडीसीतल्या पगारातून घेतलेलं यंत्र किती वर्षं चालणार, आणि ते कोण ठरवणार, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे. माझं मत आधीच सांगतो. कंपनी सुरक्षेचे अपडेट देते आहे तोवर फोनला कुलूप असावं. कंपनीने हात वर केले की किल्ली मालकाला मिळावी. आणि ज्या फोनवर यूपीआय चालतं त्या फोनच्या वाटेला रूटिंगने जाऊ नये.

पेणच्या बाजारपेठेत काय किंवा रोह्यात काय, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक येतं ते ‘लॉक काढून द्या’ म्हणत. हे लॉक एक नसतं. कधी आजोबा पॅटर्न विसरलेले असतात. कधी फोन रिसेट केल्यावर तो जुनं गूगल खातं मागत बसतो. हे एफआरपीचं (फॅक्टरी रिसेट प्रोटेक्शन) कुलूप २०१५मध्ये अँड्रॉइड ५.१बरोबर आलं, चोरीचा फोन चोराच्या कामाचा राहू नये म्हणून. कधी हप्त्यावर घेतलेला फोन वित्तकंपनीने लांबून बंद केलेला असतो. असं करावं की करू नये, हा वाद रिझर्व्ह बँकेपर्यंत गेलेला आहे. कधी शाळेतून किंवा योजनेतून मिळालेल्या टॅबवर संस्थेचं नियंत्रण बसवलेलं असतं. बूटलोडरचं कुलूप या सगळ्यांच्या तळाशी असतं, आणि गिऱ्हाईक त्याचं नावही घेत नाही. पहिल्या चार प्रकारांत हे यंत्र नक्की कोणाचं, याचं उत्तर आधी लागतं. म्हणून एफआरपी काढताना बिल मागणारा दुकानदार चोख वागतो. बिल नसेल तर सरकारच्या संचारसाथी पोर्टलवरच्या सीईआयआर यंत्रणेवर त्या फोनचा आयएमईआय, म्हणजे ओळख क्रमांक, चोरीचा म्हणून नोंदला गेला आहे का, हे पाहता येतं.

आता बूटलोडर. फोनचं बटण दाबलं की पहिल्यांदा जागा होतो तो चिपमध्ये कायमचा कोरलेला छोटा प्रोग्राम. तो बूटलोडरची सही तपासतो, बूटलोडर कर्नलची, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याची, तपासतो, कर्नल पुढच्या सिस्टीमची. रोह्याला मध्य रेल्वेची हद्द संपून कोकण रेल्वेची सुरू होते, तशा या हद्दी आहेत. मागच्याने खात्री करून दिल्याशिवाय पुढच्याच्या हाती गाडी जात नाही. सही जुळली नाही तर फोन पुढे जायला नकार देतो. अँड्रॉइड ४.४पासून ही तपासणी हळूहळू आली आणि अँड्रॉइड ७पासून कडक झाली. बूटलोडर लॉक असणं म्हणजे फक्त कंपनीची सही चालणं.

तो उघडण्याची सरळ वाट कंपनीनेच ठेवलेली असते, जिथे ठेवलेली असते तिथे. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारायची, डेव्हलपर ऑप्शन उघडायचे, ‘ओईएम अनलॉकिंग’ सुरू करायचं आणि फोन फास्टबूट या अवस्थेत नेऊन संगणकावरून हुकूम द्यायचा. त्या क्षणी फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. पुष्कळांना हा जाच वाटतो, पण तो मुद्दाम ठेवला आहे. तसं नसतं तर रस्त्यात सापडलेल्या फोनचा बूटलोडर उघडून कुणीही आतले फोटो वाचू शकलं असतं. यानंतर दरवेळी फोन सुरू होताना, यातलं सॉफ्टवेअर तपासलेलं नाही, असा इशारा पडद्यावर येतो. तोही योग्यच आहे. सेकंडहँड फोन घेताना हा इशारा दिसला तर विचारपूस केल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

रूट ही याच्या पुढची पायरी. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे. त्यात प्रत्येक अ‍ॅपला वेगळा वापरकर्ता क्रमांक मिळतो, त्यामुळे एका अ‍ॅपला दुसऱ्याची खोली उघडता येत नाही. शून्य क्रमांकाचा वापरकर्ता म्हणजे रूट. त्याला सगळ्या खोल्या उघड्या. कंपनीने कोंबलेली अ‍ॅपं मुळासकट काढणं, पूर्ण बॅकअप घेणं, बॅटरी आणि प्रोसेसरची वागणूक बदलणं हे रूटने जमतं. आणि ते अधिकार चुकीच्या अ‍ॅपच्या हाती पडले तर तुमच्या बँकेच्या अ‍ॅपची खोलीही त्याला उघडी होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि या विषयावरच्या बहुतेक चर्चा त्यातली एकच सांगतात.

सुरुवातीला हे फार सोपं होतं. २००८चा पहिला अँड्रॉइड फोन, टी-मोबाईल जी१, त्यात एक विलक्षण चूक राहून गेली होती. कीबोर्डवर जे टाइप कराल ते आतल्या एका छुप्या रूट शेललाही पोचायचं. कुणाला संदेशात ‘रीबूट’ लिहिलं तर फोन खरोखर रीबूट व्हायचा. पुढची काही वर्षं अशा चुका शोधण्याची होती. जून २०१४मध्ये जॉर्ज हॉट्झने टॉवेलरूट आणलं. लिनक्स कर्नलमधली एक चूक वापरून ते एका बटणात रूट करून द्यायचं. किंगरूटसारखी अ‍ॅपं आपल्याकडच्या दुकानांत सर्रास चालली. २०१६मध्ये डर्टी काऊ नावाची कर्नलमधली भेग उघड झाली. या एका बटणाच्या सोयीबद्दल पुष्कळजण अजून हळहळतात. मला ती हळहळ पटत नाही. ज्या भेगेतून मालक आत शिरत होता त्याच भेगेतून चोरही शिरू शकत होता. त्या भेगा बुजल्या ते बरंच झालं.

त्यानंतर रूट आणि बूटलोडर एकमेकांना बांधले गेले. रूटचे अधिकार सांभाळणाऱ्या सुपरएसयू या अ‍ॅपचं युग संपलं आणि २०१६मध्ये जॉन वू या तरुणाने मॅजिस्क आणलं. मॅजिस्क सिस्टीमला हात न लावता फक्त बूट इमेजमध्ये आपली जागा करतं. पुढे वू गूगलच्या अँड्रॉइड सुरक्षा विभागात गेला आणि मॅजिस्क चालूच राहिलं. आता कर्नलएसयू आणि एपॅच हे आणखी दोन मार्ग आहेत. पण यांतल्या कुठल्याही मार्गाने जायचं तर सर्वसाधारणपणे आधी बूटलोडर उघडावा लागतो. त्यामुळे आज रूट कसं करायचं हा दुय्यम प्रश्न झाला आहे. तुमची कंपनी बूटलोडर उघडू देते का, इथेच बहुतेकांचा रस्ता संपतो.

भारतात एक काळ असा होता की कंपन्या स्वतःहून दार उघडं ठेवत. डिसेंबर २०१४मध्ये मायक्रोमॅक्सच्या यू या शाखेने ८,९९९ रुपयांचा युरेका आणला. त्यात सायनोजेनची सिस्टीम होती, आणि रूट केलं तरी वॉरंटी जाणार नाही असं कंपनीने जाहीर केलं होतं. सायनोजेन भारतात कोणी वापरायचं यावरून वनप्लस आणि मायक्रोमॅक्सचं भांडण त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयात पोचलं होतं. एखाद्या पर्यायी सिस्टीमसाठी दोन कंपन्या कोर्टात भांडतात, हे आज सांगून खरं वाटणार नाही. मग जानेवारी २०१७मध्ये रेडमी नोट ४ आला. घराघरांत गेलेला हा फोन कंपनीने अँड्रॉइड ७वर सोडून दिला, आणि हौशी मुलांनी त्यावर पुढच्या किती तरी आवृत्त्या चढवल्या. ऑगस्ट २०१८चा पोको एफ१ अधिकृतरीत्या अँड्रॉइड १०वर थांबला. लिनेजओएसने त्याला पुढे नेलं. लिनेज म्हणजे २०१६च्या अखेरीस बंद पडलेल्या सायनोजेनमॉडचा वारस. जगभरचे स्वयंसेवक तो चालवतात, आणि कंपनीने टाकून दिलेल्या यंत्रांना दर महिन्याचे सुरक्षा-पॅच देण्याचं काम ते फुकट करतात. या मंडळींबद्दल मला मनापासून आदर आहे.

आज चित्र उलटं आहे. शाओमीने २०१६पासून कुलूप लावलं. मधल्या विक्रेत्यांनी घातक अ‍ॅपं भरलेली सॉफ्टवेअरं घालून फोन विकले, असं कारण कंपनीने दिलं, आणि ते खोटं नव्हतं. पण नंतर खातं, अर्ज, दिवसांची प्रतीक्षा असं करत अट वाढत गेली, आणि हायपरओएस ही नवी सिस्टीम आल्यानंतर ती वाट अगदी अरुंद झाली. हुआवेने २०१८मध्ये अनलॉक कोड देणं बंदच केलं. सॅमसंगमध्ये बूटलोडर उघडून बाहेरचं सॉफ्टवेअर घातलं की नॉक्स या सुरक्षा यंत्रणेचा एक फ्यूज कायमचा उडतो. सिक्युअर फोल्डरसारख्या सोयी जातात आणि पुन्हा लॉक केलं तरी परत येत नाहीत. २०२५मध्ये सॅमसंगच्या वन यूआय ८ या सिस्टीमबरोबर तर अनलॉकचं बटणच नाहीसं झालं. रिअलमी मोजक्या मॉडेलांना परवानगी देते. विवो आणि ओप्पोकडे सर्वसामान्य ग्राहकासाठी अधिकृत मार्ग जवळपास नाही. गूगल पिक्सेल आणि नथिंगचं दार उघडं आहे, मोटोरोला काही मॉडेलांना कोड देते. पण तालुक्याच्या गावी दुकानांवर फलक असतात ते विवो, ओप्पो, रेडमी, रिअलमी, सॅमसंगचे. म्हणजे पेण-रोह्यात सहज मिळणारा फोन हा बहुधा न उघडणारा फोन असतो. घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेल हे आपण विचारतो. बूटलोडर उघडतो का, हे कुणी विचारत नाही.

मग बँकेचा मुद्दा. इथे मी सावध होतो, कारण ही भूमी सावध राहायला शिकलेली आहे. रोह्याचे चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्याच जिल्ह्यात २०१०मध्ये पेण अर्बन बँक बुडाली आणि ठेवीदार वर्षानुवर्षं खेटे घालत राहिले. ज्या गावाने पैसे गमावले आहेत त्या गावाला ‘रूट करा, काही होत नाही’ असं सांगणं मला जमणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या फेब्रुवारी २०२१च्या डिजिटल पेमेंट सुरक्षेच्या निर्देशांत, फोन किमान निकषांत बसत असेल तरच अ‍ॅप चालू द्यावं अशी अपेक्षा आहे. बँकांनी त्याचा सोपा अर्थ लावला तो रूट दिसलं की अ‍ॅप बंद. फोन खरा आहे की बदललेला, हे अ‍ॅपला गूगल सांगतं. आधी सेफ्टीनेट होतं, आता प्ले इंटेग्रिटी आहे. मॅजिस्क लपवण्याच्या युक्त्या निघतात, काही आठवडे चालतात, मग एके सकाळी गॅस सिलिंडरचे पैसे देताना अ‍ॅप उघडत नाही. मे २०२५पासून नव्या अँड्रॉइडवर चिपमधूनच साक्ष मागितली जाते, त्यामुळे लपवाछपवी आणखी अवघड झाली आहे.

पण या व्यवस्थेत एक अन्याय आहे आणि तो ठळकपणे सांगायला हवा. कंपनीने चार वर्षांपूर्वी सोडून दिलेला, एकही नवा पॅच न मिळालेला फोन, केवळ त्याचं कुलूप शाबूत आहे म्हणून बहुतेक बँकांच्या तपासणीत पास होतो. तोच फोन लिनेज घालून या महिन्याच्या पॅचवर आणला तर नापास. सगळ्यात वरच्या पातळीच्या तपासणीत आता पॅच वर्षभरातला आहे का हे नव्या अँड्रॉइडवर पाहिलं जातं, ही सुधारणा आहे. खालच्या पातळ्यांना मात्र शिक्का पुरतो. आणि गावातल्या माणसांचे पैसे प्रत्यक्षात जातात ते कसे? व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून किंवा आरटीओचं चलान म्हणून येणाऱ्या एपीके फायलीतून. माणूस स्वतः ती बसवतो, एसएमएस वाचायची परवानगी देतो आणि ओटीपी गेला. त्याला रूट लागत नाही, उघडा बूटलोडर लागत नाही. बँकांनी एवढी शक्ती रूटच्या मागे लावली त्यातली निम्मी या फायलींच्या मागे लावली असती तर जास्त लोक वाचले असते, असं माझं ठाम मत आहे.

ज्यांना तरीही करायचं आहे त्यांच्यासाठी आपल्याकडच्या काही खास अडचणी. जिओचं जाळं ४जी आणि ५जीचंच आहे, आधाराला मागे २जी-३जी नाही. बदललेल्या सिस्टीममध्ये व्होल्टी, म्हणजे ४जीवरून होणारा कॉल, चाललं नाही तर जिओवर इंटरनेट चालतं पण साधा फोन लागत नाही. परदेशी मार्गदर्शनात हे क्वचित लिहिलेलं असतं. दुसरं, मोडेमचा भाग आणि त्यालगतचे छोटे विभाग यांचा बॅकअप आधी घ्यावा. ते पुसले गेले की आयएमईआय शून्य दिसतो आणि नेटवर्क जातं. तिसरं, काही फोनांत जुनं सॉफ्टवेअर परत घालायला बंदी असते. ते घातलं की फोन डेड होतो, मग मागचं झाकण काढून चिपच्या पातळीवरच जीव आणावा लागतो. चौथं, नेटफ्लिक्ससारखी अ‍ॅपं अशा फोनवर उच्च दर्जाचं चित्र देत नाहीत. आणि पावसाळ्यात फ्लॅशिंग, म्हणजे नवं सॉफ्टवेअर चढवणं, करायचं तर दुकानातल्या डेस्कटॉपवर करू नये, बॅटरी असलेल्या लॅपटॉपवर करावं. अर्ध्यात वीज गेली तर फोन डेड व्हायला तेवढंही पुरतं.

कायद्याबद्दल गैरसमज दोन्ही बाजूंनी आहेत. स्वतःच्या मालकीचा फोन रूट करणं हा भारतात गुन्हा आहे असं सांगणारं कलम मला माहीत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ मालकाच्या परवानगीवाचून केलेल्या हस्तक्षेपाबद्दल आहे. त्याचा अर्थ असाही होतो की कारखान्याने दिलेला फोन किंवा अंगणवाडीचा फोन आपल्याला उघडता येत नाही. तो आपला नाही. २०१२मध्ये कॉपीराइट कायद्यात आलेलं कलम ६५ए तांत्रिक कुलूप तोडण्याबद्दल आहे, पण ते हक्कभंगाच्या हेतूला बांधलेलं आहे. अमेरिकेत २०१०पासून फोनसाठी आणि २०१५पासून टॅबसाठी याबाबत स्पष्ट सूट आहे. आपल्याकडे अशी स्पष्टता नाही आणि ती हवी. एक गोष्ट मात्र अगदी स्पष्ट आहे. आयएमईआय बदलणं हा गुन्हा आहे. २०२३च्या दूरसंचार कायद्याच्या कलम ४२प्रमाणे त्याला ३ वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सॉफ्टवेअर मारून देणाऱ्या प्रत्येक दुकानाने हे समोर लावून ठेवावं.

रोजचा फोन सोडला तर उरतं काय? माझ्या मते खरं मोल इथेच आहे, जुन्या दुसऱ्या यंत्रात. पेण, हमरापूर, जोहे या भागांतल्या गणपती कारखान्यांचं उदाहरण घ्या. मूर्तींचे शेकडो फोटो, उंची, रंग, दर हे सगळं मालकाच्या एकाच फोनमध्ये, त्याच फोनवर यूपीआय, आणि हंगामात तोच फोन मातीच्या हातांनी दहाजण हाताळणार. घरात पडलेला एखादा जुना टॅब, ज्याचा बूटलोडर उघडतो आणि ज्याला हलकी सिस्टीम मिळते, तो मूर्तींचा अल्बम म्हणून आणखी काही वर्षं सहज चालेल. त्यावर बँक नाही, सिम नाही, कुटुंबाची गुपितं नाहीत. चुकलं तरी नुकसान एका जुन्या टॅबचं. शाळेतल्या मुलांनी शिकायचं तेही अशाच यंत्रावर.

अट एवढीच की बूटलोडर उघडायला हवा, आणि योजनेतून मिळालेला टॅब असेल तर त्यावरचं संस्थेचं नियंत्रणही निघायला हवं. महाज्योती संस्थेच्या योजनेतून इतर मागासवर्गीय, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना जेईई, नीट, सीईटीच्या तयारीसाठी टॅब आणि रोज ६ जीबी इंटरनेट मिळतं. आगरी आणि कुणबी कुटुंबांच्या या तालुक्यांत अशा योजनेचं महत्त्व मोठं आहे. शिकवणीसाठी वाटलेल्या टॅबवर अभ्यासाबाहेरच्या वापराला आवर असावा, हेही मान्य. पण परीक्षा झाल्यावर त्या टॅबचं नियंत्रण कोण काढणार, कुठे, किती दिवसांत? सोय नसेल तर मुलगा दुकानात जातो, कुणी तरी अनोळखी साधन वापरून तो उघडून देतो, आणि त्याबरोबर आत काय आलं ते कुणालाच कळत नाही.

धोरणाच्या पातळीवर गोष्टी हलत आहेत, पण या कुलुपापर्यंत पोचलेल्या नाहीत. ऑक्टोबर २०२२मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या बाजारातल्या वर्चस्वाच्या गैरवापराबद्दल गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. कंपन्यांना अँड्रॉइडच्या वेगळ्या आवृत्त्या करण्यापासून रोखणारे करार त्यात चर्चेला आले. मार्च २०२३मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, काही निर्देश काढून टाकले. त्यातून बाजारातल्या कंपन्यांना मोकळीक मिळाली, फोनच्या मालकाला नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, मोबाईल आणि टॅब त्यात घेतले, त्याच वर्षी पोर्टल सुरू केलं. पुढे दुरुस्ती निर्देशांकासाठी नेमलेल्या समितीने मे २०२५मध्ये अहवाल दिला. सुटे भाग, माहिती, साधनं, उघडण्याची सोय, स्क्रू-जोड आणि सॉफ्टवेअर अपडेट असे निकष त्यात आहेत. बूटलोडर त्या यादीत नाही. युरोपीय संघाने २० जून २०२५पासून, विक्री थांबल्यावर पाच वर्षं अपडेटची सोय राहील अशी अट घातली. गूगल आणि सॅमसंग महागड्या फोनांना सात वर्षांचं आश्वासन देतात. आठ-दहा हजारांच्या बहुतेक फोनांना मात्र अजून दोन-तीन वर्षांवर समाधान मानावं लागतं, आणि आपल्याकडे असे स्वस्त फोन मोठ्या संख्येने विकले जातात.

अंगणवाडीच्या त्या फोनांचं रूटिंगने भलं झालं असतं का? फारसं नाही. २ जीबी रॅम ही २ जीबीच राहते, हलक्या सिस्टीमने थोडा श्वास मिळाला असता इतकंच. पण तिथे किल्ली सेविकेकडे नव्हती, पैसे मोजणाऱ्या राज्याकडेही नव्हती. पुढच्या खरेदीच्या निविदेत दोन अटी घालणं कुठल्याही खात्याला, जिल्हा परिषदेलाही, आज शक्य आहे. अपडेट किती वर्षं देणार हे तारखेनिशी लिहून द्यावं, आणि ती तारीख उलटली की बूटलोडर उघडण्याचा कोड खरेदीदाराच्या ताब्यात द्यावा. हजारो यंत्रं एकदम घेणाऱ्या गिऱ्हाइकाला कंपन्या नाही म्हणत नाहीत. एकट्यादुकट्या माणसाला म्हणतात.